बालसंधिवात, लाळ आणि मुलांचे दात

सोळावे वर्ष पूर्ण होण्याआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि जिचे दुसरे कारण सापडत नाही अशी सांध्यांची सूज म्हणजे बालसंधिवात. या व्याख्येत तोंडाचा उल्लेख नाही, आणि प्रत्यक्ष तपासणीतही तो क्वचितच होतो. गुडघा वाकवून पाहिला जातो, मनगट दाबून पाहिले जाते, डोळ्यांच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली जाते. ‘आ कर’ म्हटले जाते ते घसा पाहण्यासाठी. दातांचे दुखणे निघालेच तर ते वेगळ्या दवाखान्यातले वेगळे प्रकरण ठरते. वस्तुतः हा आजार तोंडापर्यंत अनेक वाटांनी पोचतो. लाळेचे प्रमाण आणि तिची घडण बदलू शकते, जबड्याचा सांधा सुजतो, दुखऱ्या बोटांनी ब्रश धरवत नाही, आणि ज्या औषधांनी सांधे मोकळे होतात त्यांतली काही तोंडाला त्रास देतात. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटावी अशी आहे. पण एकाच मुलाच्या तोंडात त्या एकत्र येतात आणि वर्षानुवर्षे राहतात. शिवाय नेमक्या त्याच वर्षांत दुधाचे दात पडून कायमचे येत असतात.

आजाराची ओळख तशी जुनी. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि मुलांमधला हा आजार मोठ्यांच्या संधिवाताची लहान आवृत्ती नव्हे, हे दाखवून दिले. पुढे अमेरिकेत एक नाव आणि युरोपात दुसरे अशी अडचण बरीच वर्षे राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय पातळीवर एकच नाव आणि सात प्रकारांची वर्गवारी ठरली. २००१ मध्ये कॅनडातल्या एडमंटन येथे ती सुधारण्यात आली. मोजक्याच सांध्यांचा प्रकार बहुधा दोन ते चार वर्षांच्या मुलींत दिसतो. म्हणजे तो दुधाच्या दातांच्या वयात येतो. अनेक सांध्यांचा आणि रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर सापडणारा प्रकार किशोरवयीन मुलींचा. तोपर्यंत कायमचे दात आलेले असतात. ताप, अंगावर पुरळ आणि सांधेदुखी घेऊन येणारा सर्वांगीण प्रकार कोणत्याही वयात गाठतो. प्रकार कोणता आणि तो कोणत्या वयात सुरू झाला, यावर तोंडातले नुकसान कुठे होणार हे बरेचसे ठरते.

भारतात या प्रकारांचे प्रमाण युरोपाहून निराळे आहे. कंडरा आणि अस्थिबंध जिथे हाडाला चिकटतात तिथे सूज येणारा, मोठ्या मुलग्यांत अधिक आढळणारा प्रकार इथल्या रुग्णालयांच्या नोंदींत बराच दिसतो, आणि सर्वांगीण प्रकाराचा वाटाही मोठा असतो. लाळेवरचे बहुतेक अभ्यास मात्र युरोप, इस्राएल आणि ब्राझील यांसारख्या ठिकाणच्या मुलांवर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष उपयोगाचे आहेत, पण ते जसेच्या तसे इथल्या मुलांना लावण्यात धोका आहे. आजाराचे मिश्रण वेगळे, आहार वेगळा, पाण्यातले फ्लोराइड वेगळे आणि दंतवैद्याकडे जाण्याची सवयही वेगळी. आणखी एक घोटाळा इथे नेहमी होतो. घशाच्या संसर्गानंतर येणारा आणि हृदयाच्या झडपांना इजा करणारा संधिवाताचा ताप हा निराळा आजार आहे. दोन्हींत सांधे दुखतात म्हणून घरात दोन्हींना ‘वात’च म्हटले जाते. दंतवैद्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे, कारण झडपांना इजा झालेली असेल तर दातांच्या संसर्गाकडे हृदयाच्या काळजीनेही पाहावे लागते.

लाळेरे बांधायचे वय संपले की घरात लाळेकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती पुरेशी असते तोवर जाणवतच नाही. प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिचा बहुतेक भाग तीन जोड्यांच्या मोठ्या ग्रंथींतून येतो. कानापुढची ग्रंथी सर्वांच्या ओळखीची, कारण गालगुंडात सुजते ती हीच. दुसरी जोडी जबड्याच्या हाडाखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी इंग्लंडच्या टॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये वर्णन केली. कानापुढच्या ग्रंथीची नळी काही वर्षांनी डेन्मार्कच्या नील्स स्टेनसेन यांना मेंढीचे डोके फाडताना सापडली. दोन्ही नळ्या आजही त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात.

ग्रंथींची कामाची वाटणी इथे महत्त्वाची आहे. काही खात नसताना, नुसते बसलेले असताना जी लाळ झिरपते तिचा मोठा वाटा जबड्याखालच्या ग्रंथींचा असतो. चावायला लागले, आंबट जिभेला लागले की कानापुढच्या ग्रंथी जोरात कामाला लागतात आणि पातळ, अल्कधर्मी लाळेचा लोंढा येतो. पहिल्या प्रकारची लाळ प्रौढांत मिनिटाला सरासरी ०.३ ते ०.४ मिलिलिटर असते, ती ०.१ मिलिलिटरच्या खाली गेली की तोंड कोरडे धरले जाते. झोपेत हा ओघ जवळजवळ थांबतो. रात्री झोपताना दातांना चिकटलेली साखर म्हणूनच सर्वांत घातक ठरते.

लाळेचा नव्व्याण्णव टक्के भाग पाणी असले तरी तिचे महत्त्व उरलेल्या एका टक्क्यात आहे. त्यात आम्ल शमवणारे बायकार्बोनेट असते, दाताला लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट असते. ही खनिजे विरघळलेलीच राहावीत आणि भलत्या जागी खडे बनू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारी प्रथिने असतात. तोंडाचे अस्तर निसरडे ठेवणारे म्यूसिन, जीवाणूंची भिंत फोडणारे लायसोझाइम, जीवाणूंना लोह मिळू न देणारे लॅक्टोफेरिन, बुरशीला आवर घालणारे हिस्टाटिन आणि आयजीए ही प्रतिपिंडे, असे पहारेकरीही त्यातच असतात. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरच्या थराचा पीएच मोजून दाखवले की साखरेचे पाणी तोंडात घेतल्यावर काही मिनिटांत तो झपाट्याने खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात. हा आकडा पाठ्यपुस्तकांत ठामपणे छापला जातो, पण तो सर्वांसाठी एक नसतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट कमी असेल तर कवच याहून वरच्या पीएचलाच विरघळू लागते. म्हणजे दोन मुलांनी तेच बिस्किट खाल्ले तरी ज्याची लाळ पातळ आणि थोडी, त्याचे दात अधिक वेळ आम्लात राहतात आणि लवकर झिजतात.

लाळ तोंडात सगळीकडे सारखी पोचत नाही. दातांवरचा तिचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून पातळ असतो आणि तो जागोजागी वेगवेगळ्या वेगाने सरकतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस ग्रंथींची तोंडे उघडतात. तिथे साखर लवकर धुतली जाते. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची बाजू सर्वांत उपेक्षित. कालव्याला पाणी कमी सुटले की शेवटच्या टोकाचे शेत आधी सुकते, तशी या दातांची गत होते. बालसंधिवातात हनुवटी मागे राहिलेली असेल तर ओठ नीट मिटत नाहीत, मूल तोंडाने श्वास घेते आणि हीच जागा वाऱ्याने आणखी सुकते. हिरड्याही तिथेच आधी लाल होतात.

नव्याने उगवलेल्या दातासाठी लाळेचे आणखी एक काम आहे, आणि मुलांच्या बाबतीत ते सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल. दात हिरडीबाहेर येतो तेव्हा त्याचे कवच पुरते पक्व नसते. पुढची काही वर्षे ते लाळेतून खनिजे आणि फ्लोराइड घेऊन घट्ट होत जाते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागेसाठी कोणताही दात पडावा लागत नाही, त्यामुळे ती आल्याचे पुष्कळ घरांत कळतच नाही, आणि कळले तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे समजून सोडून दिली जाते. संधिवात असलेल्या मुलाच्या घरात त्या वर्षी इतर काळज्या इतक्या असतात की ती दाढ किडायला लागल्यावरच नजरेत भरते.

लाळ मोजणे अवघड नाही. तिचे मोजमाप विश्वासार्ह असणे अवघड आहे. मुलाला निवांत बसवून, मान पुढे झुकवून, पाच ते दहा मिनिटे खूण केलेल्या नळीत लाळ ओघळू द्यायची. नंतर मेणाचा तुकडा चावायला देऊन दुसरा नमुना घ्यायचा. आधी तासभर तरी काही खाल्लेले नसावे. दिवसाच्या वेळेनुसार लाळेचे प्रमाण बदलते, म्हणून सगळ्यांचे नमुने एकाच सुमारास घ्यावे लागतात. तीन वर्षांच्या मुलाला मात्र थुंकायला सांगितले की ते नेमके तेव्हाच गिळते. वयाप्रमाणे लाळ वाढत जाते, म्हणून तुलना समवयस्कांशीच करावी लागते. आणि हिरडीतून रक्त येत असेल तर लाळेत सापडलेली सुजेची प्रथिने सांध्यांच्या आजाराची की हिरडीची, हे सांगता येत नाही. लाळेतल्या एखाद्या प्रथिनावरून संधिवाताची तीव्रता ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. बोटाला सुई न टोचता आजार मोजता आला तर कोणत्या आईला ते नको आहे? पण हिरडीचा हा अडथळा दूर झाल्याशिवाय त्यावर उपचार ठरवणे योग्य नाही.

अभ्यासांतून जे पुढे आले आहे ते संयमाने वाचायला हवे. बालसंधिवात असलेल्या मुलांची लाळ निरोगी मुलांपेक्षा कमी भरते, असे अनेक अभ्यासांत दिसले. विश्रांतीच्या वेळची लाळ अधिक घटलेली आढळते. काहींत तिच्यातली खनिजे, आम्ल शमवण्याची ताकद आणि ऑक्सिडीकरणाशी झुंजणारी द्रव्ये बदललेली सापडली. पण गटांतली मुले थोडी, प्रकार मिसळलेले, औषधे वेगवेगळी. त्यामुळे ‘संधिवात म्हणजे कोरडे तोंड’ असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. पुष्कळ मुलांची लाळ पुरेशी असते. स्योग्रेन आजारात जशा प्रतिकारपेशी ग्रंथींवरच चाल करून त्या उद्ध्वस्त करतात, तसे बालसंधिवातात सहसा घडत नाही. स्योग्रेन आजार मुलांत विरळा आहे, आणि कोरडेपणापेक्षा कानापुढची ग्रंथी वारंवार सुजण्याने तो आधी लक्षात येतो. संधिवाताच्या मुलाला अशी सूज पुन्हा पुन्हा येऊ लागली तर गालगुंड म्हणून लेप लावत न बसता तज्ज्ञाला दाखवणे बरे.

मग लाळ कमी का होते? एकच कारण सांगणारे उत्तर इथे लागू पडत नाही. ग्रंथींत सौम्य सूज असू शकते. तापात आणि भूक मंदावल्यावर शरीरातले पाणी कमी होते. जुनाट वेदनेसाठी किंवा झोपेसाठी दिलेली काही औषधे तोंड कोरडे करतात. आणि एक कारण अगदी साधे आहे, तरी त्याकडे कमी लक्ष जाते: चावणे. उंदरांना केवळ पातळ अन्नावर ठेवल्यास त्यांच्या कानापुढच्या ग्रंथी आक्रसतात, हे प्रयोगांत फार पूर्वी दिसले आहे. जबडा दुखणारे मूल भाकरी टाळते, पेरू टाळते, मऊ भात, खिमट, दुधात बुडवलेली पोळी आणि चहातले बिस्किट यांवर राहते. त्याच्या ग्रंथींना कामाची हाकच जात नाही. मऊ आणि पिठूळ अन्न दातांना चिकटूनही जास्त वेळ राहते. अशा वेळी लाळेची घट हा जबड्याच्या दुखण्याचा परिणाम असतो, आणि ग्रंथींवरचे उपाय शोधण्यापेक्षा सांध्याची सूज उतरवणे हाच खरा इलाज.

हा जबड्याचा सांधा संधिवाततज्ज्ञांच्या लिखाणात ‘विसरलेला सांधा’ म्हणून प्रसिद्ध आहे. कानाच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंना तो असतो. बालसंधिवातात तो किती मुलांत सुजतो याचे आकडे सुमारे पंधरा-सतरा टक्क्यांपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत दिले जातात. ही तफावत तपासणीच्या पद्धतीमुळे आहे: बोटाने चाचपून पाहिले तर थोडे, औषध टोचून एमआरआय केला तर पुष्कळ. गुडघा सुजला की फुगतो, मूल लंगडते; जबड्याचा सांधा सुजला तरी बाहेरून दिसत नाही आणि पुष्कळदा दुखतही नाही. नुकसान मात्र मोठे होते. लांब हाडांत वाढीची चकती सांध्यापासून थोडी आत, हाडात असते. जबड्यात वाढीचे केंद्र सांध्याच्या पृष्ठभागाखालीच, पातळ कूर्चेच्या आवरणाआड असते. सांध्यातली सूज थेट त्यावर येते. एका बाजूची वाढ खुंटली तर चेहरा तिरपा होतो आणि तोंड उघडताना हनुवटी आजारी बाजूला वळते. दोन्ही बाजूंची खुंटली तर हनुवटी मागे राहते, पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत आणि गर्दी होऊन वेडेवाकडे येतात. अशा दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही. तोंडच नीट उघडत नसेल तर मागच्या दाढांपर्यंत ना ब्रश पोचतो, ना दंतवैद्याचे यंत्र.

हाताचा प्रश्न सकाळचा आहे. या आजारात सांधे सकाळी आखडलेले असतात. उठल्यावर अर्धा तास, कधी दोन तास बोटे वळत नाहीत. आणि आपल्याकडे दात घासण्याची वेळ नेमकी तीच, शाळेच्या बसच्या आधीची. रात्री दात घासण्याची पद्धत बऱ्याच घरांत नाहीच. संधिवात असलेल्या मुलाच्या बाबतीत हे वेळापत्रक फिरवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सकाळचे घासणे कोमट पाण्याने हात शेकल्यानंतर किंवा थोडे उशिरा झाले तरी चालेल. रात्रीचे चुकू नये, आणि ते आईने किंवा बाबांनी करून द्यावे. निरोगी मुलालाही सात-आठ वर्षांपर्यंत स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत. मनगट दुखत असेल तर ही मदत आणखी काही वर्षे लागते. ब्रशच्या दांड्याला कापडाची किंवा रबराची जाड गुंडाळी केली की बोटे पूर्ण न मिटताही पकड बसते. विजेवर चालणारा ब्रश परवडत असेल तर चांगलाच, मात्र तो जड नसावा. राखुंडी आणि खरखरीत दंतमंजन बोटाने घासणे दोन्हीकडून वाईट: बोटाला त्रास आणि कवचाला ओरखडे. मशेरी तर तंबाखूच. वाढत्या वयाच्या मुलींना ती घरातल्या मोठ्यांकडून लागते, तेव्हा ती घरातूनच जायला हवी.

औषधांचे तोंडाशी असलेले नाते दुहेरी आहे. आजार आटोक्यात आला की जबडा वाचतो, हात चालतात, मूल चावून खाते. म्हणून दातांच्या भीतीने औषध थांबवणे हा शुद्ध तोटा. तरीही काही गोष्टी माहीत असाव्यात. लहान मुलांना औषध पातळ आणि गोड करून दिले जाते. साखर घातलेली औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांचे दात अधिक किडतात, हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९७९ मध्येच दाखवून दिले गेले. तरी बाजारात गोड पातळ औषधे आजही भरपूर आहेत, आणि शर्करारहित पर्याय मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. त्यातच कडू गोळी मधातून, गुळातून किंवा जॅमला लावून देण्याची आपली रीत. रात्री झोपताना दिलेला असा चमचा सर्वांत वाईट. वेळ बदलून तो जेवणासोबत द्यावा, वर पाणी पाजावे.

मेथोट्रेक्सेट हे या आजाराचे मुख्य औषध, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. त्याने तोंडात चट्टे येऊ शकतात; फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी ते कमी होतात. पण तोंड एकाएकी सोलवटले, गिळवेना, तर डॉक्टरांनी आधी एकच प्रश्न विचारावा: गोळी आठवड्याला घेतली जाते की रोज? चिठ्ठी वाचण्यातल्या चुकीने ती रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटून जीवावर बेतते, आणि तोंडातले चट्टे ही त्याची पहिली खूण असू शकते. या औषधाच्या दिवशी मळमळ होते म्हणून आवळासुपारी, आलेपाक, लिंबाची गोळी मुलाच्या हातात दिली जाते आणि ती तासन्तास चघळली जाते. साखर आणि आंबट एकत्र, तेही लाळ कमी असताना. उलटी झाली तर लगेच ब्रश करू नये. आम्लाने मऊ झालेले कवच घासले जाते. आधी नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. पोटातून स्टेरॉइड चालू असताना जिभेवर पांढरे थर दिसले तर ती बुरशी समजावी. सायक्लोस्पोरिनने हिरड्या वाढून दातांवर चढतात. वेदनाशामकांनी हिरडीतून रक्त अधिक वाहू शकते. टीएनएफ या द्रव्याला रोखणारी जैविक औषधे १९९९ पासून मुलांच्या संधिवातासाठी वापरात आहेत. ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात, कारण दबलेला क्षय उफाळतो. दाताच्या मुळाशी साचलेला पू हाही दबलेला संसर्गच असतो. त्याची तपासणी मात्र यादीत नसते, आणि ती असायला हवी.

दात किडण्याबाबत अभ्यासांचे मत एक नाही. काहींत संधिवाताच्या मुलांत न भरलेली कीड जास्त आढळली, काहींत इतर मुलांइतकीच. हिरड्यांच्या बाबतीत चित्र जरा स्पष्ट आहे: सूज आणि रक्त येणे अधिक. संधिवाताची दाहक प्रवृत्ती हिरडीतही बोलते, की फक्त घासणे कमी पडते, हा वाद मिटलेला नाही. प्रौढांच्या संधिवातात हिरडीतल्या एका जीवाणूचा संबंध आजाराच्या मुळाशीच असावा असे मानणारा मोठा विचारप्रवाह आहे. तो मुलांतल्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर सापडणाऱ्या थोड्या प्रकरणांपुरता लागू असू शकतो, सरसकट नाही. व्यवहारात या वादाने काही अडत नाही. थर स्वच्छ झाला की हिरडी निवळते. निवळली नाही, तर पुढचा शोध घ्यावा.

कोरड्या तोंडासाठी नेहमी दिला जाणारा सल्ला म्हणजे साखर नसलेले च्युइंगगम. या मुलांच्या बाबतीत तो तपासून द्यावा, कारण जबड्याचा सांधा सुजलेला असताना चघळत राहणे त्रासाचे. त्यापेक्षा घोटघोट पाणी बरे. सरबत मात्र पाण्याच्या जागी चालत नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी घ्यावी. घासून झाल्यावर थुंकावे, पाण्याने पूर्ण धुऊन टाकू नये. धोका जास्त असेल तर दंतवैद्य दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइडचा लेप लावतात आणि नव्या दाढांच्या खाचा बुजवतात. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आधीच जास्त आहे. तिथल्या मुलाला फ्लोराइडच्या पोटात घ्यायच्या गोळ्या देणे चूक ठरेल, पण दंतवैद्याने वरून लावलेला लेप ही वेगळी गोष्ट आहे.

दंतवैद्याच्या खुर्चीत या मुलाला फार वेळ तोंड उघडे ठेवता येत नाही, म्हणून बसणे छोटे, मध्ये विसावा आणि शक्यतो दुपारची वेळ. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर प्रश्न गंभीर होतो. जबडा उघडत नाही आणि मानेचे मणकेही आखडलेले असू शकतात, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते. भूलतज्ज्ञाला हे आधी कळले पाहिजे. दातातली कीड लहान असतानाच भरून घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी होते. दातांचे विकार आणि संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार त्यात पाहिला जातो. बालसंधिवाताला वेगळा रकाना नाही. त्यामुळे या मुलांची जबाबदारी त्यांच्या संधिवाततज्ज्ञावर, बालरोगतज्ज्ञावर आणि पालकांवर येते. निदान झाल्यावर पहिल्या महिन्यातच दंतवैद्याची भेट ठरवावी, औषधांची यादी सोबत न्यावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा जावे. आणि डॉक्टरांनी दर भेटीला वजन-उंचीच्या शेजारी आणखी एक आकडा लिहावा: वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये तोंड किती मिलिमीटर उघडते. शाळकरी मुलांत तो साधारण चाळीसच्या आसपास किंवा वर असतो. पण मुलामुलांत फरक असल्याने त्या मुलाचाच मागचा आकडा महत्त्वाचा. तो घसरू लागला तर दुखण्याची वाट न पाहता जबड्याचा एमआरआय करून घ्यावा.